स्मृतिफलकाचे मौन : लष्करभरतीच्या अलिखित किमतीसंबंधी

पहिल्या महायुद्धानंतर कोकणातील आणि देशावरील अनेक गावांत ब्रिटिश राजवटीने संगमरवरी स्मृतिफलक बसविले. त्यांचा मजकूर बहुधा एकाच साच्याचा आहे : या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव नाही, वय नाही, रणभूमीही नाही. केवळ दोन आकडे. संहिता म्हणून या फलकाचे वाचन केले असता लक्षात येते की, फलकाचा खरा आशय त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीत दडलेला आहे. वजाबाकीत उरलेली माणसे 'परतली' असे गृहीत धरले जाते. ती कोणत्या अवस्थेत परतली, याविषयी दगड काहीही बोलत नाही.

रायगड जिल्ह्यापुरते पाहू. पेणजवळचा जोहे-हमरापूर परिसर आज गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. जिल्ह्याची लष्करी स्मृती मात्र दक्षिणेस, महाड तालुक्यात साठलेली आहे. तेथील एका गावाचे नावच 'फौजी आंबवडे' असे रूढ झाले आहे. घरटी एक सैनिक ही त्या गावाची ख्याती. हा गौरव खराच आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या कर्ते पुरुष पलटणीत पाठविणाऱ्या गावात लावणी कोणी केली, आजारी सासऱ्याची सेवा कोणी केली, कर्ज कोणी फेडले, हे प्रश्न त्या विशेषणाखाली झाकले जातात. गौरवाची भाषा ही अनेकदा झाकण्याची भाषाही असते.

कोकणी मराठ्यांची भरती ज्या पलटणींत मोठ्या प्रमाणावर होत असे, त्यांपैकी १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत कुत-अल-अमारा येथे हे सैन्य वेढ्यात अडकले. अन्न संपत आले तेव्हा घोड्याचे मांस पुढे करण्यात आले. अनेक भारतीय शिपायांनी धर्मभावनेमुळे ते दीर्घकाळ नाकारले आणि स्कर्व्हीला बळी पडले. उपासमार की विटाळ, हा पेच शत्रूने घातलेला नव्हता. शिपायाने तो गावाकडून सोबत नेला होता. शरणागतीनंतर वाळवंटातील पायपीट आणि रास-अल-ऐन येथील रेल्वेमार्गावरील मजुरी वाट्याला आली. बसरा स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणवार संख्या देण्यात आली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने ही विषमता अखेर मान्य केली. म्हणजे गावातला फलक आणि परदेशातले स्मारक यांची भाषा एकच : नाव सरदाराला, आकडा शिपायाला.

परतलेला शिपाई स्वतः बोलतो तेव्हा काय ऐकू येते, याचे या जिल्ह्यातील उत्तर महायुद्धापूर्वीचे आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. सवर्णांना विचारलेल्या प्रश्नांच्या रूपातील ही रचना सामान्यतः अस्पृश्यतेविरुद्धचा आद्य विचार म्हणून वाचली जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि ती एका पेन्शनर शिपायाचीही संहिता आहे, याकडे समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. छावणीत गणवेशाने दिलेली प्रतिष्ठा गावच्या वेशीवर उतरवून ठेवावी लागते, हा अनुभव त्या प्रश्नांच्या मुळाशी आहे. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सदस्यांनी त्यांच्यासोबत बसण्यास विरोध केला. पलटणीतील सेवेने हा विरोध तसूभरही कमी केला नाही.

त्यापूर्वीच, १८९२ च्या आदेशाने महारांची भरती बंद झाली होती. या आदेशाविरुद्ध न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने तयार झालेला अर्ज आपल्या वडिलांच्या जुन्या कागदपत्रांत सापडल्याचे डॉ. आंबेडकरांनी १९४३ च्या पुण्यातील भाषणात नमूद केले आहे. सुभेदार रामजींसारख्यांना लष्कराने शिक्षण, पगार आणि पेन्शन दिले. ते पुढच्या पिढीसाठी एका फर्मानाने काढूनही घेतले. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. त्याच वर्षी ११७ व्या मराठा पलटणीला 'रॉयल' ही पदवी मिळाली. पलटणींच्या इतिहासात ही दोन टिपणे वेगवेगळ्या पानांवर येतात. ती शेजारी ठेवून वाचणे आवश्यक आहे.

वलंगकरांच्या लेखनामागे आणखी एक आधार होता, तो पेन्शनचा. गावकीच्या बलुत्यावर अवलंबून नसलेला माणूसच गावकीला प्रश्न विचारू शकला. २०२२ च्या अग्निपथ योजनेच्या मूळ तरतुदीनुसार चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर सेवेत राहतील. उरलेले एकरकमी सेवानिधी घेऊन, पेन्शनविना, ऐन विशीत घरी येतील. भरतीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या मुलांच्या तोंडी 'देशसेवा' हा शब्द असतो, आणि तो प्रामाणिक असतो. घरच्या वहीत मात्र त्याच मुलाच्या नावापुढे बहिणीचे लग्न आणि घराची कौले मांडलेली असतात. ती वही कोणत्याही फलकावर चढलेली नाही.