ग्रीस-रोम कोणाच्या बाजूने वाचायचे?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात प्राचीन ग्रीस-रोमचा विषय निघतो तो बहुधा एकाच निमित्ताने. कल्याण हे प्राचीन बंदर होते, यवनांची जहाजे आपल्या खाडीत येत होती, असे स्मरणिकांतून आणि सत्काराच्या भाषणांतून सांगितले जाते. ऐकणाऱ्याची छाती फुगते. मी याच भागातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्यासमोरची पोरे शहाड, उल्हासनगर, टिटवाळा, मुरबाड येथून येतात. त्यांतील पुष्कळ पोरे माझ्याप्रमाणेच घरातून पदवीपर्यंत पोहोचणारी पहिलीच. त्यांच्या हाती या अभिमानातून काय लागते, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

हा अभिमान ज्या ग्रंथावर उभा आहे तो म्हणजे 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास कोणा ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेले हे दर्यावर्दी मार्गदर्शक. त्यात कल्याणचे नाव 'कल्लिएना' असे येते हे खरे. पण येते कशासाठी? थोरल्या सारगनाच्या काळी येथे रीतसर बाजारपेठ होती; संदनेसाच्या ताब्यात गाव गेल्यापासून व्यापाराला अडथळा झाला; आता चुकून एखादे ग्रीक जहाज तेथे लागलेच तर ते पहाऱ्यात भडोचला नेतात, अशी ती नोंद आहे. म्हणजे आपण ज्या पानाचा अभिमान धरतो ते पान कोंडी झालेल्या बंदराचे आहे! तेही असो. याच ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत राजासाठी उंची मद्य आहे, चांदीची भांडी आहेत, गाणारी मुले आहेत आणि जनानखान्यासाठी देखण्या मुली आहेत. माणूस हा मालाच्या यादीतील एक जिन्नस होता. आमच्या स्मरणिकांत मद्य येते, भांडी येतात. मुली मात्र वाटेतच कोठेतरी गळून पडतात.

कल्याणची खरी माणसे पाहायची तर कान्हेरीच्या लेण्यांत जावे. तेथील ब्राह्मी लेखांत कल्याणचा सोनार सामिदत्त पाण्याचे टाके दान देतो आणि कल्याणचा लोहार नंद वाट बांधून देतो. भाता फुंकणारा माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःच्या धंद्यासकट दगडावर उभा राहतो, ही गोष्ट मला दहा जहाजांपेक्षा मोठी वाटते. जुन्नरच्या लेण्यांत तर यवन स्वतःच दाते आहेत. चंद, इरिल, चित अशी त्यांची नावे आहेत. कोणी चैत्यगृहाच्या कामासाठी दान दिले, कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भिक्षूंसाठी भोजनमंडप. विहाराच्या दाराशी या परक्या माणसाला कोणी त्याचे कूळ विचारल्याचे दिसत नाही.

या यवनांचा समाज कसा आहे, याची आपल्याकडे चर्चाही झाली होती. मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्तात जन्माने श्रेष्ठत्व सांगणाऱ्या एका तरुण ब्राह्मणाला बुद्ध विचारतात की, योन आणि कंबोज देशांत आर्य आणि दास असे दोनच वर्ण आहेत, तेथे आर्याचा दास होतो आणि दासाचा आर्य होतो, हे तू ऐकले आहेस ना? तरुणाला 'ऐकले आहे' म्हणावे लागते. या एका प्रश्नात दोन गोष्टी आहेत. चातुर्वर्ण्य हे सृष्टीचे विधान नाही, कारण दुसऱ्या देशात ते नाही. आणि दास्य वाईट असले तरी त्याला दार आहे. जन्मावर बांधलेल्या वर्णाला दार नाही.

हे सुत्त माझ्या उपयोगी पडते ते शिक्षकांच्या खोलीत. तेथे एक वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते आता मला पाठ आहे: "अहो, गुलामगिरी ग्रीसमध्ये होती, रोममध्येही होती, मग आपल्याच समाजाला कशाला झोडपता?" वरवर पाहता हे तौलनिक इतिहासाचे विधान वाटते. वास्तविक ही तुलना टाळण्याची युक्ती आहे. सगळीकडेच अंधार होता असे म्हटले की आपल्या घरात दिवा कोणी विझवला हे विचारायला नको.

आपल्या परंपरेने ही तुलना टाळली नाही. १८७३ साली जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' निघाले. ते त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले, हे आपण नेहमी सांगतो. पण त्याच्या इंग्रजी प्रस्तावनेच्या माथ्यावर होमरचे एक वचन आहे, त्याकडे आपले टीकाकार फारसे थांबत नाहीत. दास्याचा दिवस माणसातील निम्मे सत्त्व काढून नेतो, असा त्याचा आशय. हे वचन 'ओडिसी'च्या सतराव्या सर्गातील आहे आणि ते राजाच्या तोंडी नाही. ते युमायस नावाच्या, डुकरे राखणाऱ्या गुलामाच्या तोंडी आहे. हा युमायस जन्माने राजपुत्र. लहानपणी फिनिशियन खलाशांनी पळवून त्याला विकले. ओडिसियसचा म्हातारा कुत्रा उकिरड्यावर मरायला टाकलेला आहे आणि युमायस म्हणतो की, धनी समोर नसला की गुलाम कामात कुचराई करतात. मग हे वचन येते.

म्हणजे मूळ जागी ते गुलामांविरुद्धची तक्रार आहे, आणि ती करणारा स्वतःच गुलाम आहे. होमर श्रेष्ठ कवी आहे. पण तो मालकाच्या घराचा कवी आहे. त्याच काव्याच्या बाविसाव्या सर्गात बारा दासींकडून आधी प्रेते उचलून घेतात, रक्ताने भरलेले दालन धुऊन घेतात आणि मग त्यांना एका दोराने फासावर लटकवतात. सौंदर्यशास्त्रावर बोलणारे आमचे प्राध्यापक या जागी घाईने पान उलटतात. जोतीरावांनी काय केले? त्यांनी ते वचन मालकाच्या अंगणातून उचलले आणि शूद्रातिशूद्रांच्या पुस्तकाच्या दारावर लावले. तेथे येताच त्याचे तोंड फिरले. निम्मे सत्त्व गेले हे खरे, पण नेले कोणी, असा ते आता जाब विचारते. एखादे अवतरण देणे म्हणजे पांडित्य मिरवणे अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हे उदाहरण पाहावे.

बाबासाहेबांनी ही तुलना कायद्याच्या पातळीवर नेली. गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना करणारे त्यांचे लेखन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाने ते १९८९ साली पाचव्या खंडात प्रसिद्ध केले. रोमन गुलाम कायद्याने माणूस नव्हता, पण व्यवहारात त्याला शिक्षण, कला, धंदा यांची दारे उघडी होती. अस्पृश्य कायद्याने माणूस होता, पण व्यवहारात त्याच्यावर सगळी दारे बंद होती, असा त्यांचा युक्तिवाद आहे. शिवाय गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ होता. रोमन लेखक व्हॅरो सल्ला देतो की, रोगट जमिनीवर गुलाम लावू नयेत, मजुरीची माणसे लावावीत. गुलाम मेला तर पैसे बुडतात. मजूर मेला तर दुसरा मिळतो. गटारात उतरणाऱ्या आजच्या कंत्राटी कामगाराकडे पाहिले की व्हॅरोचा हिशेब लगेच कळतो.

हे वाचून एका विद्यार्थिनीने मला विचारले, "मग सर, गुलाम बरे होते असे म्हणायचे का?" प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी येथे बॅरोच्या ग्रंथाचा आधार घेतला आहे आणि त्यातील चित्र मुख्यतः शहरातल्या घरांतील गुलामांचे आहे. त्यांत वैद्य, कारकून, शिक्षक होते. लॉरियनच्या चांदीच्या खाणीतील गुलाम त्या चित्रात नाही. ज्या व्हॅरोने वरचा सल्ला दिला त्यानेच, त्याच प्रकरणात, गुलामाला बोलणारे अवजार म्हटले आहे. स्पार्टाकसचे बंड इ. स. पू. ७१ मध्ये मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्यावर सहा हजार माणसे क्रुसावर चढवली गेली. तेव्हा बाबासाहेबांचे लेखन हे रोमला दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून वाचू नये. आमच्यातील काही उत्साही वक्ते तसे वाचतात, आणि समोरच्याच्या हातात आयते कोलीत देतात. कोणाचे दुःख अधिक, या पैजेत आपल्याला उतरायचे नाही. बाहेर पडण्याची वाट होती की नव्हती, एवढेच बाबासाहेब मोजत होते.

ती वाट होती. रोमन नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम नागरिक होई आणि त्याची पुढची संतती जन्माने स्वतंत्र असे. कवी होरेस हा असा मुक्त गुलामाचा मुलगा. त्याच्या बापाने त्याला गावच्या शाळेत न घालता रोमला नेले आणि गुरूंच्या दारापर्यंत स्वतः सोबत केली. लोक त्याला बापाच्या जन्मावरून टोचत; पण ते टोचणे पणतवापर्यंत पुरत नसे.

दुसरा पुरावा मला त्याहून बोलका वाटतो. इसवी सन ११० च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला विचारतो की, शिक्षा झालेले काही कैदी येथे सरकारी नोकरांसारखे काम करीत आहेत, त्यांचे काय करावे? ट्रेजन कळवतो की, अलीकडच्यांना शिक्षेवर परत पाठवा. शिक्षेला दहा वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या म्हाताऱ्यांना स्नानगृहांत, गटारे साफ करण्यावर, रस्त्यांच्या कामावर लावा, कारण ही कामे शिक्षेच्या जवळची आहेत. रोमच्या सम्राटाच्या दृष्टीने गटार साफ करणे ही गुन्हा शाबीत झालेल्या माणसाची जागा होती. आमच्याकडे तेच काम जन्मासोबत मिळाले, आणि त्यासाठी गुन्हा शाबीत करण्याचीही कोणाला गरज वाटली नाही.

आता 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या भाषणातील रोमच्या उल्लेखाविषयी. प्लेबियनांना कॉन्सलपद मिळूनही त्यांच्या हिताचा खमका माणूस तेथे का बसत नव्हता? निवडलेल्या माणसाला डेल्फीच्या देवतेची मान्यता लागे आणि पुरोहित पॅट्रिशियन असत, असे बाबासाहेब सांगतात. डेल्फी ग्रीसमधील, रोमच्या निवडणुकीत शकुन पाहण्याचे काम ऑगर नावाच्या रोमन पुरोहितांचे असे. हा तपशील विरोधक उचलून धरतात. त्यांनी पुढच्या तारखाही उचलाव्यात. इ. स. पू. ४९४ मध्ये प्लेबियन शहर सोडून डोंगरावर जाऊन बसले आणि त्यांनी आपले ट्रिब्यून मिळवले. बारा कोष्टकांच्या कायद्याने पॅट्रिशियनांशी त्यांच्या विवाहाला केलेली बंदी काही वर्षांतच, ४४५ मध्ये, उठली. कॉन्सलपद ३६७ च्या कायद्याने खुले झाले. पण ऑगर आणि पाँटिफ या पुरोहितपदांवर प्लेबियन बसले ते ३०० मध्ये, म्हणजे कॉन्सलपदानंतर सदुसष्ट वर्षांनी. विवाहबंदी उठवतानाही लिव्हीने नोंदलेला पॅट्रिशियनांचा आक्षेप हाच होता की, रक्ताची सरमिसळ झाली तर शकुनाचा अधिकार बाटेल. सत्तेची शेवटची किल्ली पुरोहिताच्या कमरेला असते हे बाबासाहेबांचे म्हणणे रोमच्या या तारखा अधिकच पक्के करतात.

आपल्याकडच्या तारखा वाचकांनी शेजारी मांडून पाहाव्यात. राखीव जागांचा पुणे करार १९३२ चा, संविधान १९५० चे, विशेष विवाह कायदा १९५४ चा. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपले ते २०१४ साली.