माध्यमांतर आणि एकटा वाचक

यवतमाळ जिल्ह्यात शाळेऐवजी घरीच शिकणाऱ्या किशोरवयीन विद्यार्थ्याला वर्गातील मतभेद लाभत नाहीत; त्याच्या अर्थनिर्णयाला हरकत घेणारा दुसरा वाचक त्याला क्वचितच भेटतो. कादंबरीवरील चित्रपट ही उणीव काही अंशी भरून काढतो. मात्र तो कादंबरीचा पर्याय नव्हे, तर तिचे एक वाचन मानला पाहिजे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) तरुण मास्तर प्रथमपुरुषी निवेदन करतो, माणदेश त्याच्याच नजरेतून दिसतो. अमोल पालेकरांच्या चित्रपटात (१९९५) हा पाहणारा स्वतःच दृश्याचा भाग होतो. शिवाय, कापसाच्या मुलखातील विद्यार्थ्याला मेंढपाळांचे माळरान तेथे आयते मिळते. म्हणून आधी कादंबरी, नंतर चित्रपट, हाच क्रम इष्ट ठरतो. स्वतःची बनगरवाडी मनात उभी असेल, तरच तो पालेकरांच्या वाचनाशी वाद घालू शकेल.