आधुनिक भारतीय कला : इतिहासलेखनाच्या दृष्टी

आधुनिक भारतीय कलेचा प्रारंभ कोठे मानावा, याविषयी कला-इतिहासकारांत एकमत नाही. हा मतभेद केवळ कालनिर्णयाचा नव्हे. प्रारंभबिंदू बदलला, की कोणास आद्य मानावयाचे आणि कोणास वगळावयाचे, हेही बदलते.

राष्ट्रवादी मांडणीने भारतीयत्व हीच नव्या कलेची कसोटी मानली. ई. बी. हॅवेल व आनंद कुमारस्वामी यांनी राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांची तैलचित्रे परकीय वळणाची ठरविली व अवनींद्रनाथ टागोर (१८७१–१९५१) यांना अग्रस्थान दिले. अवनींद्रनाथांचे धूसर जलरंगतंत्र १९०३ मध्ये कलकत्त्यास आलेल्या जपानी चित्रकारांच्या सहवासात घडले होते. परंतु या मांडणीच्या लेखी परकीय म्हणजे पाश्चात्त्य एवढेच असल्याने तिला त्याची अडचण वाटली नाही.

दुसरी मांडणी शैलीच्या उत्क्रांतीची. ॲल्फ्रेड बार यांनी १९३६ मध्ये न्यूयॉर्क येथील प्रदर्शनाच्या ग्रंथासाठी काढलेल्या आलेखात घनवादादी पंथ अमूर्त कलेकडे वाहत जातात. जपानी मुद्राचित्रे व आफ्रिकी शिल्पे तेथे येतात ती केवळ उगमस्थाने म्हणून. हाच मानदंड लावून डब्ल्यू. जी. आर्चर यांनी १९५९ मध्ये गगनेंद्रनाथ टागोरांची घनवादी चित्रे निकृष्ट अनुकरण ठरविली. पिकासोने आफ्रिकी शिल्पांपासून घेतले तर ती प्रतिभा आणि गगनेंद्रनाथांनी पिकासोपासून घेतले तर ते अनुकरण, हा दुटप्पीपणा पार्थ मित्तर यांनी २००७ मध्ये उघड केला.

या दोन्ही मांडण्यांत मुंबईचे वास्तववादी चित्रकार बसत नाहीत. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) आणि सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) हे एकीच्या दृष्टीने अभारतीय, तर दुसरीच्या दृष्टीने कालबाह्य. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपपासून आरंभ करणारे लेखक त्यांचा उल्लेख पार्श्वभूमीपुरताच करतात. वस्तुतः सूझा, रझा, बाकरे यांचे शिक्षण सर जे. जे. कलाशाळेतच झाले होते. त्यांनी जे नाकारले ते काय होते, हे धुरंधरांकडे पाहिल्यावाचून कळणार नाही.

तपती गुहा-ठाकुरता यांच्या १९९२ मधील ग्रंथापासून कलाशाळा, छापखाने व अभिरुची यांच्या अंगाने लेखन होऊ लागले. त्यामुळे रविवर्म्यांची शिळाछापे इतिहासात परतली, हा लाभ मोठा आहे. मात्र प्रसाराचा मागोवा घेताना प्रत्यक्ष चित्र कित्येकदा पाहावयाचे राहून जाते.

हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील चित्र हळदणकरांचे आहे. ते रविवर्म्यांच्या मृत्यूनंतर सुमारे चार दशकांनी रंगविलेले व जलरंगातील असूनही रविवर्म्यांच्या नावावर वारंवार खपविले जाते. ज्योत झाकणाऱ्या बोटांतून पाझरणारा तांबूस उजेड आणि पारदर्शक रंगावरील तो संयम यांची नोंद घेण्यास यांपैकी एकही मांडणी फारशी थांबलेली नाही.