प्रार्थनेच्या मापाचे संगीत
(सेझार फ्रांक यांच्या 'लॉर्गानिस्त' या संग्रहाविषयी)

चर्चमधील ऑर्गनवादकाचे वादन सर्वांच्या कानी पडते. परंतु वादकाकडे लक्ष कोणाचे जाते? भाविकांच्या पाठीमागे, बहुधा माळ्यावर बसून तो गायकवृंदाला सूर देतो, गाणे घसरू लागले तर सावरून घेतो, अर्पणविधी लांबला तर एखादी सुरावट दोन मिनिटे वाढवतो आणि धर्मगुरू प्रार्थनेसाठी सज्ज होताच ती आटोपती घेतो. रविवारच्या मिस्सा, लग्ने, अंत्यविधी, नोव्हेना आणि सणांच्या तालमी यांत त्याचा आठवडा सरतो. ऑर्गनसंगीताचे समीक्षक मोठमोठ्या रचनांचा परामर्श घेतात. या नित्याच्या सेवेला लागणाऱ्या चार-चार ओळींच्या संगीताची दखल मात्र सहसा घेतली जात नाही. एका श्रेष्ठ संगीतकाराने आपल्या आयुष्याच्या अखेरीस नेमके असे संगीत लिहावयास घेतले होते. सेझार फ्रांक यांचा 'लॉर्गानिस्त', म्हणजे 'ऑर्गनवादक', हा तो संग्रह होय.

फ्रांक आमच्या वाचकांना अगदीच परके नाहीत. संत थॉमस अक्वायनस यांच्या 'पानिस आंजेलिकुस' या शब्दांना १८७२ साली त्यांनी दिलेली चाल आजही आपल्या लग्नांत आणि प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या सोहळ्यांत ऐकू येते. त्यांचा जन्म १० डिसेंबर १८२२ रोजी आजच्या बेल्जियममधील लिएज शहरी झाला. आयुष्य मात्र मुख्यतः पॅरिसमध्ये गेले. १८५८ साली ते तेथील सेंत-क्लोतील्द या नव्या चर्चच्या सेवेत आले. थोर ऑर्गनकार काव्हाये-कोल यांनी या चर्चसाठी बांधलेल्या वाद्याचे उद्घाटन डिसेंबर १८५९ मध्ये झाले, आणि तेव्हापासून ८ नोव्हेंबर १८९० रोजी देवाघरी जाईपर्यंत फ्रांक यांनी ती जागा सोडली नाही.

त्यांचा दिनक्रम कोणाही कष्टकरी शिक्षकाचाच होता. शिष्य व्हँसाँ दँदी यांनी लिहिलेल्या चरित्रावरून दिसते की, ते पहाटे साडेपाचच्या सुमारास उठत आणि साधारण दोन तास स्वतःच्या रचनांना देत. त्यानंतरचा दिवस पॅरिसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिकवण्या करण्यात जाई. १८७२ पासून पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात ऑर्गनचे अध्यापनही त्यांच्याकडे आले. रविवारी आणि सणावारी मात्र ते ऑर्गनपाशी असत. आयत्या वेळी सुचेल तसे वाजविण्यात त्यांचा हात धरणारे थोडे होते. १८६६ साली फ्रान्झ लिस्ट त्यांचे वादन ऐकण्यास सेंत-क्लोतील्दमध्ये गेले होते. एकतीस वर्षे या ऑर्गनवर सेवा करणाऱ्या या वादकाच्या ऑर्गनसाठीच्या मोठ्या रचना मोजून बारा: १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या सहा, १८७८ मधील तीन आणि १८९० मधील अखेरच्या तीन. रविवारमागून रविवार त्यांनी जे वाजवले, त्यातील फार मोठा भाग कागदावर उतरलाच नाही. तो मिस्साबरोबर उमटला आणि मिस्साबरोबरच विरून गेला.

त्या विरून गेलेल्या संगीताचा काहीसा मागोवा 'लॉर्गानिस्त'मध्ये लागतो. या संग्रहात ५९ लहान रचना आहेत आणि त्या मोठ्या ऑर्गनसाठी लिहिलेल्या नसून हार्मोनियमसाठी आहेत. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये घडलेले हे वाद्य पायांनी भाता चालवून वाजवीत. आपल्या संगीत नाटकांतील पायपेटीची आठवण व्हावी असे त्याचे रूप. ज्या खेड्यांतील चर्चना हजारो नळ्यांचा ऑर्गन परवडत नसे, तेथे हार्मोनियमच ऑर्गनची जागा भरून काढी. म्हणजे राजधानीतील उत्तम ऑर्गनवर बसणाऱ्या माणसाने खेड्यातल्या वादकासाठी लेखणी उचलली होती. योजना याहून बरीच मोठी होती; मृत्यूने ती अपुरी राहिली.

या रचनांची मांडणी पाहण्यासारखी आहे. एकेका स्वराला षड्ज धरून त्यांचे सात-सातचे गट केले आहेत. अखेरच्या गटात तीनच रचना आहेत. हा सातचा आकडा उपासनेतून आला आहे. सांजप्रार्थनेत मरियामातेचे स्तोत्र गाताना एक चरण गायकवृंदाने म्हणावयाचा आणि पुढच्या चरणाच्या जागी वाद्याने वाजवावयाचे, अशी फार जुनी प्रथा होती. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या गौरवासह स्तोत्राचे चरण बारा. त्यांपैकी वाद्याच्या वाट्याला येत सहा. म्हणून प्रत्येक गटात सहा रचना अगदी छोट्या, काही तर मिनिटभराच्या, आणि सातवी लांब. ही सातवी रचना अर्पणविधीला, ख्रिस्तप्रसादाच्या वेळी किंवा भाविक बाहेर पडताना वाजवता यावी अशी आहे, आणि आधीच्या छोट्या रचनांतील सुरावटी तीत पुन्हा भेटतात.

आमच्या मते संग्रहाचे खरे मोल त्या सहा छोट्या रचनांत आहे. मोठ्या रचनांत फ्रांक विस्ताराने बोलतात. 'ग्राँद पिएस सँफोनिक' ही त्यांची एकच रचना सुमारे पंचवीस मिनिटे चालते. येथे मात्र एका चरणाएवढाच अवकाश आहे. एवढ्यात सुरावट उभी करावयाची, तिला एखादे अनपेक्षित वळण द्यावयाचे आणि गायकांना त्यांचा सूर बिनचूक परत करून गप्प राहावयाचे, ही अवघड कला आहे. शिवाय वाद्य वाजत असताना चरणाचे शब्द ऐकणाऱ्याने मनात म्हणावयाचे असत. स्तोत्र मुखोद्गत असणारा समाज गृहीत धरूनच हे संगीत लिहिले गेले. ते अर्धे वादकाच्या बोटांत आणि अर्धे भाविकाच्या स्मरणात आहे. फ्रांक यांनी त्यात फ्रान्समधील जुनी नाताळगीते आणि प्रांतोप्रांतीच्या लोकधूनही गुंफल्या आहेत. आम्हाला या रचना संग्रहातील सर्वांत टवटवीत वाटतात. त्यांत पांडित्य मागे सरते आणि गावच्या माणसाचा गळा ऐकू येतो.

संग्रहात उणिवा नाहीत असे नाही. एका स्वरसंगतीतून दुसरीत अलगद सरकण्याची फ्रांक यांची सवय येथेही आहे, आणि काही रचनांत ती इतक्या वेळा येते की गोडी मिठ्ठास होते. 'पानिस आंजेलिकुस'लाही हाच आक्षेप घेता येईल. ऑर्गन, हार्प आणि चेलो यांच्या साथीने एकट्या गायकाने गावयाची ती चाल ऐकताना आपण ख्रिस्तप्रसादाकडे वळतो की गायकाच्या आवाजाकडे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा. छोट्या चरणरचनांत हा धोका कमी, कारण गायकाला वा वादकाला मिरविण्याइतकी जागाच तेथे नाही.

ख्रिस्तसभेनेही हाच विवेक सांगितला आहे. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली बजावले की वाद्याने गायनाला आधार द्यावा, ते झाकून टाकू नये. तसेच संगीतासाठी धर्मगुरूला वेदीपाशी ताटकळत ठेवू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली नळ्यांच्या ऑर्गनचा सन्मान केला आणि उपासनेला साजेशा इतर वाद्यांनाही वाट मोकळी केली. त्या वाटेने आपल्या मराठी मिस्सामध्ये पेटी आणि तबला आले. लोकांच्या भाषेत उपासना आल्यावर स्तोत्राचा प्रत्येक चरण लोक स्वतः गाऊ लागले, आणि फ्रांक यांच्या रचनांचे मूळ प्रयोजन संपले. याचे आम्हास दुःख नाही. देवाची प्रजा स्वतः गाते यापरते चांगले काय? पण मिस्सापूर्वी, अर्पणविधीला आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळी अशा संगीताला आजही जागा आहे. प्रायश्चित्तकाळात, चौथा रविवार व मोठे सण वगळता, वाद्याने केवळ गायनाला साथ करावयाची असते. हा नियम वादकाला मौनाचे मोल शिकवतो.

आपल्या धर्मग्रामांकडे वळून पाहता चिंता वाटते ती येथेच. कीबोर्ड पुष्कळ आले. एक कळ दाबताच तयार ठेका आणि तयार साथ मिळते. परंतु तयार ठेक्याला वेदीवर काय चालले आहे ते दिसत नाही. तो अर्पणविधीबरोबर लांबत नाही, धर्मगुरूसाठी थांबत नाही, आणि थकलेल्या आजीबाईंचा सूर मागे पडला तर तिच्यासाठी रेंगाळत नाही. हे सारे माणूसच करू शकतो, आणि त्याला ते शिकावे लागते. पोर्तुगीज काळातील गोव्यात चर्चच्या शाळांतून 'मेस्त्र' मुलांना स्वरलेखन शिकवीत, आणि त्यातून पिढ्यान्‌पिढ्या वादक घडले. आज आपण सणाच्या मंडपाला आणि रोषणाईला जो खर्च करतो, त्याचा थोडा वाटा दोन मुला-मुलींच्या संगीतशिक्षणाला आणि वर्षानुवर्षे विनामूल्य सेवा करणाऱ्या वादकाच्या मानधनाला द्यावयास काय हरकत आहे?

'लॉर्गानिस्त' मोठ्या ऑर्गनसाठी नाही. पाच सप्तकांचा साधा कीबोर्ड आणि स्वरलेखन वाचता येणारी व्यक्ती एवढ्यावर त्यातील अनेक रचना वाजवता येतात. येत्या नाताळात एखाद्या वादकाने मिस्सापूर्वी त्यातील एक नाताळधून ठेक्याविना, संथपणे वाजवून पाहावी, आणि धर्मगुरूंनी व भाविकांनी ती संपेपर्यंत बोलणे थांबवावे, एवढीच आमची विनंती आहे.