मयताच्या खात्यावर

टेक्सासच्या रॉबर्ट हॉवर्डचा तलवारबहाद्दर कॉनन डिसेंबर १९३२ मध्ये ‘विअर्ड टेल्स’ मासिकात अवतरला. ही पहिली कथा म्हणजे दुसऱ्याच नायकाची साभार परत आलेली जुनी कथा, नवे नाव देऊन! चालायचंच. पूर्वी चेकवरची खाडाखोड खातेदाराच्या सहीने केलेली असली, तर आम्ही कारकून तो पास करायचो.

मासिक पैसे द्यायचे ते कथा छापल्यावर, तेही सवडीने. १९३६ साली हॉवर्ड तिसाव्या वर्षी गेला, तेव्हा आठशेहून अधिक डॉलर येणे होते. खरी उलाढाल मागाहून झाली. द कॅम्प यांनी १९५५ साली त्याच्या चार निराळ्या कथांच्या नायकांना कॉनन करून टाकले. १९६६ पासून लान्सरची पेपरबॅक पुस्तके आली; त्यांत द कॅम्प आणि लिन कार्टर यांनी अर्धवट कथाही पुऱ्या केल्या. हॉवर्ड घरोघर पोचला तो यांच्यामुळे, हे कबूल. पण मयताच्या खात्यावर तीन सह्या? वाचकाने दाद द्यायची कुणाच्या नावे?

२००३ पासून डेल रेच्या तीन खंडांत मूळ पाठ आला. मी म्हणतो, तोच वाचा. त्यात चुका असतील, पण सही जुळते.