शकहीन पत्रांची गणती

जुन्या पत्रांच्या व पोथ्यांच्या याद्या आतां संगणकावर होऊं लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु अशा यादीवरून ‘इतक्या पत्रांवर शक आहे’ असें विधान करितांना तो आंकडा कोणत्या रीतीनें काढला, हें सांगण्याची दक्षता क्वचितच घेतली जाते. म्हणून या कामीं वापरांत असलेल्या दोन साधनांचें थोडें परीक्षण करितों. एक, रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनीं न्यूझीलंडांतील ऑकलंड विद्यापीठांत रचलेली ‘आर’ ही गणनभाषा. दुसरें, पायथन भाषेंतील ‘पांडास’.

आरमधील ‘लेंग्थ’ ही आज्ञा रकान्यांतील सर्व घरें मोजते. तीं भरलेलीं कीं रिकामीं, हें पाहत नाहीं. भरलेलींच मोजावयाचीं तर ‘इज-एनए’ या आज्ञेनें गहाळ घरें ओळखावीं, तिच्या उत्तराचा निषेध करावा व ‘सम’नें बेरीज घ्यावी. एकही घर गहाळ असतां सरासरी मागितली, तर आर ‘गहाळ’ असेंच उत्तर देते. हा तिचा प्रामाणिकपणा स्तुत्य आहे. उलट ‘टेबल’ ही आज्ञा गहाळ घरें मुकाट्यानें वगळते; हा दोष लहान नव्हे.

आतां एक कल्पित उदाहरण घेऊं. यादींत दहा पत्रें आहेत. सहांवर शक आहे, तिघांचें घर रिकामें आहे, व एकाच्या घरांत यादीकारानें आडवी रेघ ओढली आहे. त्या एका रेघेमुळें आरची नेहमींची वाचनाज्ञा सारा रकाना अंकांचा न मानतां अक्षरांचा मानते. अक्षरांच्या रकान्यांतील रिकामें घर तिच्या लेखीं गहाळ नव्हे. म्हणून वरील रीतीनें मोजलें असतां उत्तर दहा येतें! पांडासची ‘काउंट’ ही आज्ञा रिकामीं घरें वगळते, पण रेघेस नोंद समजते. तिचें उत्तर सात. खरें उत्तर सहा. रिकामें घर व रेघ हीं दोन्ही गहाळपणाचीं चिन्हें आहेत, असें वाचनाच्या वेळींच स्पष्ट सांगितलें, तर दोन्ही साधनें सहाच सांगतात.

तेव्हां दोष सर्वस्वीं यंत्राचा नाहीं. शक मुळांतच लिहिलेला नसणें, तो लिहिलेला भाग कसरीनें खाल्लेला असणें, आणि यादीकारानें तो पाहिलेलाच नसणें, या तीन भिन्न गोष्टी आहेत. गणनेंत त्या तिन्हींस एकच चिन्ह मिळतें. म्हणून कारणाचा रकाना निराळा ठेवणें अवश्य आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा अनुमानित शकाचा. मराठी पत्रांत पुष्कळदां मास व तिथि एवढेंच असतें, आणि शक संपादकास मजकुरावरून बसवावा लागतो. असा शक मूळ रकान्यांत घातला, कीं तो भरलेल्या घरांत मोजला जातो. मग त्याच गणतीच्या आधारें ‘अमुक दशकांत पत्रव्यवहार वाढला’ असा सिद्धांत मांडला, तर आपल्याच तर्कास आपण साक्षीदार केलें असें होतें. अनुमान त्याज्य नाहीं. पण त्याचें घर वेगळें असावें.

यास्तव एकूण पत्रें, सशक पत्रें व अनुमानित शकाचीं पत्रें असे तीन आंकडे प्रत्येक यादीच्या आरंभीं द्यावे, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे. न सांपडलेल्या शकाची प्रामाणिक नोंद हेंही एक साधनच आहे.