आर्ट्स कॉलेजचे खांब आणि अजिंठ्याच्या प्रती

ऑक्सफर्ड, बोलोन्या, हायडलबर्ग अशा जुन्या विद्यापीठ-नगरांतून फिरून आलेल्या आपल्या मुलानातवंडांच्या सामानात एक घडीचा कागद बहुधा सापडतो. त्यावर गावाचा नकाशा असतो, पाहण्याजोग्या कलाकृतींना क्रमांक दिलेले असतात आणि प्रत्येक क्रमांकाखाली चार ओळी असतात. पाहुण्याने तो हाती घ्यावा, आपल्या पायांनी चालावे, हवे तेथे थांबावे, नको ते गाळावे. बरोबर वाटाड्या नसल्यामुळे कोणी घाई करीत नाही आणि काय वाटून घ्यावे हेही कोणी सांगत नाही. कलास्वादाच्या दृष्टीने हा दुसरा लाभ मोठा आहे.

हैदराबाद हेही विद्यापीठ-नगर आहे, याचा आपल्याला विसर पडलेला असतो. मोती, बिर्याणी आणि गेल्या पाव शतकातील संगणक-कंपन्या यांच्या गलबल्यात उस्मानिया विद्यापीठाची शताब्दी येऊन गेली. पाहुणे आले की आपण त्यांना चारमिनार आणि चौमहल्ला दाखवतो, सालारजंग दाखवतो आणि थकून घरी येतो. प्रस्तुत लेखात उस्मानियाच्या आर्ट्स कॉलेजचा, एक कलाकृती म्हणून, विचार करावयाचा आहे. मात्र तेथे पोहोचण्यापूर्वी वाटेत एका ठिकाणी थांबावे, असा माझा आग्रह आहे. त्या थांब्यावाचून ही इमारत नीट दिसत नाही.

आम्हा कुकटपल्लीकरांना २०१७-१८ पासून मेट्रोमुळे ही वाट सोपी झाली आहे. (विद्यापीठ तर आमच्या दारातही आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू तंत्रशास्त्र विद्यापीठाचे नाव मेट्रोच्या एका स्थानकालाच मिळाले आहे. पण त्या विद्यापीठाचे ललितकला महाविद्यालय होते ते मासाब टँकला, आणि २००८ मध्ये त्याचेही निराळे विद्यापीठ झाले. तेव्हा कलेसाठी कुकटपल्लीच्या माणसाला घराबाहेर पडणे प्राप्तच आहे.) कुकटपल्लीहून थेट असेंब्ली स्थानकावर उतरावे आणि बाग-ए-आममधील पुरातत्त्व वस्तुसंग्रहालयात जावे. १९२० सालची ही वास्तू शाळकरी मुलांना ठाऊक असते ती मिसर देशातून आलेल्या ममीसाठी. ममीभोवतीची गर्दी ओलांडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती लावलेल्या दालनात यावे. येथे बहुधा शांतता असते.

या प्रतींमागे एक मोठा इतिहास आहे. मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अजिंठ्यात राहून केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला जळाल्या. पुढे लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार ही मंडळी आली, हे आपण वाचलेले असते. हैदराबाद संस्थानातून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन हे दोन चित्रकारही त्या कामावर होते, हे सहसा कोणी सांगत नाही. सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचे व्यवस्थापकच झाले आणि प्रती करण्यात त्यांची उमर गेली.

अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात होता. १९१४ मध्ये संस्थानाचे पुरातत्त्व खाते निघाले आणि गुलाम याजदानी त्याचे संचालक झाले. १९२० ते १९२२ या काळात सेक्कोनी आणि ऑर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ आणवून चित्रांचे सुटलेले पोपडे बसवण्यात आले. हे काम चित्रे वाचवणारे ठरले खरे, पण त्यांनी लावलेले लाखेचे रोगण काळाबरोबर काळवंडले आणि त्याखालचे रंग झाकोळले. याजदानींचा चार भागांचा ‘अजंता’ ग्रंथ १९३० ते १९५५ एवढ्या अवधीत पुरा झाला. तोवर ज्या संस्थानाने तो काढावयास घेतला ते संस्थानच उरले नव्हते.

प्रतींचे मोल काय, हा प्रश्न कलासमीक्षेत नेहमीचा आहे. मूळ चित्रात पद्मपाणीच्या भुवईची रेघ भिंतीच्या खडबडीतून वाट काढते; प्रतीत तीच रेघ आज्ञाधारक होते. मूळ चित्र लेण्याच्या काळोखात दिव्याबरोबर थोडे थोडे उलगडते, तर प्रत एकाच उजेडात सगळी समोर उभी राहते. एवढे उणे धरूनही मी या प्रतींना दुय्यम म्हणणार नाही. एका माणसाने वर्षानुवर्षे एका चित्रासमोर बसून ते कसे पाहिले, याची ती नोंद आहे. प्रत ही प्रत म्हणूनच पुढे येते. आपण मूळ असल्याचा आव ती आणीत नाही. हा प्रामाणिकपणा लक्षात ठेवून अमीरपेटला गाडी बदलावी आणि तारनाक्याला उतरावे.

आर्ट्स कॉलेजचा पाया १९३४ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांच्या हस्ते घातला गेला आणि १९३९ च्या डिसेंबरात उद्घाटन झाले. तत्पूर्वी विद्यापीठाने वीस वर्षे शहरातील वेगवेगळ्या इमारतींतून वर्ग चालवले होते. नव्या वास्तूसाठी झैन यार जंग व सय्यद अली रझा या दोघा स्थापत्यज्ञांना जगातील विद्यापीठे पाहण्यास पाठवण्यात आले. त्या दौऱ्यात मिसरमध्ये अर्नेस्ट जास्पर या बेल्जियन वास्तुकाराशी गाठ पडली आणि आराखड्याचे काम त्याच्याकडे आले. तो गेल्यावर उरलेले काम झैन यार जंग यांनी तडीस नेले.

समोरून पाहावे. रुंद पायऱ्या, मधोमध वर चढत गेलेली कमानीची प्रचंड चौकट, आणि दोहो बाजूंस पसरलेली गुलाबी ग्रॅनाइटची भिंत. तळमजल्यावर वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांतील धाटणीचे खांब आणि आडवे पाट. वरच्या मजल्यावर टोकदार कमानी. या मांडणीचे एक ठरीव स्पष्टीकरण आहे आणि ते सर्वांना पाठ आहे: खाली हिंदू, वर मुसलमान, मिळून दखनी समन्वय. सरकारी पुस्तिकांत हेच असते, शाळेच्या सहलीला हेच सांगितले जाते. आपल्या जुन्या मराठी घरांतून त्यात एका वाक्याची भर पडते: “हे बघ, हे आपले वेरूळचे खांब.”

मला हे स्पष्टीकरण पटत नाही. निदान कलेच्या बाजूने ते अपुरे आहे.

वेरूळचा खांब हा उभारलेला खांब नव्हेच. डोंगराचा काळा पाषाण वरून व भोवतीने काढून टाकल्यावर जो उरला तो खांब. त्याचा जाडपणा, उशीसारखे दबलेले त्याचे शीर्ष, हे सारे डोक्यावरच्या डोंगराचा भार सांगत असते. आर्ट्स कॉलेजात तो खांब दगडावर दगड रचून उभा केलेला आहे, आणि तो ग्रॅनाइटमध्ये. या दगडाचा कण भरड. बारीक कोरीव काम त्याला मानवत नाही. म्हणून मूळची नक्षी येथे ढोबळ झाली आहे. घडणाऱ्याचा यात दोष नाही, कारण हैदराबादच्या दगडात याहून नाजूक हात चालणेच कठीण. पण लेण्यातला खांब काळोखातून पुढे येतो आणि हा भर उन्हात उभा आहे. संग्रहालयातील प्रतीला जो उजेड बाधतो तोच येथेही बाधतो. फरक एवढाच की ती प्रत भिंतीवर टांगलेली आहे, आणि ही प्रत इमारतीचा आधार असल्याचे दाखवते.

मग इमारत यशस्वी कशाने होते? ती यशस्वी आहे याविषयी मला शंका नाही; या शहरात विसाव्या शतकात बांधलेले याच्या तोडीचे दुसरे काही मला दाखवता येणार नाही. माझ्या मते तिचे यश मधल्या कमानीत आणि तिच्या दोन्ही अंगांच्या कोऱ्या भिंतींत आहे. कैरोच्या सुलतान हसन मशिदीचे प्रवेशद्वार चित्रात तरी ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही कमान पाहून त्याची आठवण होईल. जास्परने मिसरमध्ये काम केले होते, तेव्हा ही आठवण अकारण नसावी. पण कैरोचे द्वार अरुंद गल्लीतून माणसाला दडपून टाकते. येथे समोर मोकळे मैदान आहे, त्यामुळे तीच उंची दडपीत नाही, जवळ बोलावते. आणि ती भिंत! नक्षी संपते तेथे ग्रॅनाइटचा रंग बोलू लागतो. गोवळकोंड्यापासून आपल्या कुकटपल्लीच्या आसपासच्या टेकड्यांपर्यंत जो धोंडा जागोजाग पसरलेला होता (घरे बांधता बांधता आपण त्यातला बराचसा फोडून संपवला), तोच येथे तासून एका रेषेत लावला आहे. वास्तूचा समन्वय असेल तर तो या दगडाचा आणि या जमिनीचा आहे. खांब आणि कमानी यांचे खाली-वर असे वाटप हे मला तडजोडीच्या टिपणासारखे वाटते. सरकारी नोकरीत अशी टिपणे मी पुष्कळ पाहिली आहेत.

आता या वाटपाच्या दुसऱ्या बाजूकडे वळावे लागेल, कारण विद्यापीठाची वास्तू भाषेवाचून पाहता येत नाही.

अकबर हैदरी हे संस्थानच्या गृहखात्याचे सचिव होते. अजिंठ्याच्या जतनाला त्यांनी हात दिला आणि १९१७ साली विद्यापीठाचे निवेदनही त्यांनीच मांडले. या विद्यापीठाची भाषा उर्दू ठरली. त्यासाठी १९१७ मध्ये दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतराचे खाते, निघाले आणि गणितापासून वैद्यकापर्यंतचे ग्रंथ उर्दूत आले. हे काम थोर होते. ते थोर होते असे म्हणण्यास आपण मराठी माणसांनी कचरू नये. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे हे पहिले विद्यापीठ असे सरसकट म्हणतात, तेव्हा मात्र महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाने १९१६ पासूनच मातृभाषेतून शिकवण्यास आरंभ केला होता, हे सांगावे. त्याच्या पाठीशी राजसत्ता नव्हती, एवढेच.

पण संस्थानातील प्रजेपैकी उर्दू मातृभाषा असलेले दहांत एक. निम्मी प्रजा तेलुगू, सुमारे चौथाई मराठी, उरलेल्यांत कन्नड. परभणी-बीडचा मुलगा हैदराबादेस येई तेव्हा त्याला इतिहास उर्दूत, अर्थशास्त्र उर्दूत, आणि मराठी हा एक विषय. वेरूळच्या खांबाला प्रवेशद्वारी मान मिळाला. वेरूळच्या भाषेला एका वर्गाएवढी जागा मिळाली. त्या जागेत ना. गो. नांदापूरकर यांच्यासारख्या प्राध्यापकांनी ‘मुक्त-मयूरांची भारते’सारखा अभ्यास उभा केला, आणि त्यांच्याच आश्रयाने हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकलेला त्यांचा भाचा, नरहर कुरुंदकर, पुढे अवघ्या महाराष्ट्राला परखडपणे विचार करावयास लावता झाला. जागा लहान होती म्हणून पीक कमी आले नाही. तरीही जागा लहान होती हे खांबांकडे पाहून विसरायचे का, असा माझा प्रश्न आहे.

१९३८ मध्ये, ही इमारत पुरी होत आली असतानाच, वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून चळवळ झाली. हैदराबादेत झाली, औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातही झाली. शेकडो विद्यार्थ्यांना बाहेर पडावे लागले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केले. वारंगळकडचे पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी पुढे त्यांनीच तेलुगूत नेली. ज्यांच्यासाठी ही चौकट उभी राहत होती त्यांच्यातले पुष्कळजण तिच्याखालून कधी गेलेच नाहीत. पोलीस कारवाईनंतर उर्दूही गेली आणि तिच्या जागी इंग्रजी आली. उर्दूच्या वर्चस्वाने दुखावलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना उर्दूचे हे जाणेही रुचले नव्हते. कारण दारुल तर्जुमाची पुस्तके ज्यांनी वाचली होती त्यांना ती परकी राहिली नव्हती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा तिकडे गेला आणि अजिंठा-वेरूळ त्याच्याबरोबर गेले. प्रती येथे राहिल्या, खांब येथे राहिले आणि आपली घरेही येथे राहिली. म्हणूनच ‘आपले खांब’ हे वाक्य आपल्या तोंडी इतक्या सहज येते; त्यात एक प्रकारचा दाखला मागितलेला असतो. मला वाटते, त्या दाखल्यासाठी या खांबांवर एवढा भार टाकू नये. वास्तूला तो पेलत नाही. आपला या शहराशी असलेला संबंध सय्यद अहमदांच्या प्रतीत अधिक खरा दिसतो: मुळापासून दूर आणून लावलेली, मूळ असल्याचा दावा न करणारी, तरीही स्वतःच्या हाताची.

असा घडीचा कागद कोणी संस्थेने उद्या छापलाच, मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तिन्ही लिप्यांत छापला तर उत्तम, तर आर्ट्स कॉलेजच्या क्रमांकाखाली ‘समन्वय’ हा शब्द घालू नये. वास्तुकार अर्नेस्ट जास्पर, पूर्तता झैन यार जंग. स्थानिक गुलाबी ग्रॅनाइट. १९३४ ते १९३९. शिक्षणाची भाषा १९४८ पर्यंत उर्दू. खांबांची मूळ धाटणी तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील, एवढे पुरे आहे. आणि पहिला क्रमांक बाग-ए-आममधील दालनाला द्यावा.